आमची वाटचाल : मिरकरवाडा बंदरातून

2008 साली रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळ भाड्याच्या शेडमध्ये आम्ही दोघा भावांनी धंदा सुरू केला. जेटीवर लिलावात म्हाकूल (स्क्विड) आणि सुरमई घ्यायची, निवडून, बर्फात भरून निर्यातदार कारखान्यांना पोचवायची. भांडवल म्हणजे वजनकाटा, क्रेट आणि बर्फवाल्याने दिलेली उधारी.

1 जानेवारी 2010 पासून युरोपीय संघाने तिकडे जाणाऱ्या समुद्रातल्या मासळीसाठी पकड प्रमाणपत्र, म्हणजे मासळी कायदेशीर पकडल्याचा दाखला, सक्तीचं केलं. आपल्याकडे ते ‘एमपीडा’ या केंद्राच्या सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाकडून मिळतं आणि त्यासाठी मासळी कुठल्या नौकेची, कधीची, याच्या नोंदी लागतात. जेटीवर तेव्हा सगळा माल एकत्र ओतायची रीत होती. आम्ही नौकेप्रमाणे ढीग वेगळे ठेवू लागलो आणि प्रत्येक क्रेटला नोंदणी क्रमांकाची चिठ्ठी बांधली. या चिठ्ठीनेच आम्हाला धंद्यात उभं केलं. कागद चोख मिळतो म्हटल्यावर कारखानदार चार पैसे जास्त देऊ लागले, आणि त्यातला वाटा आम्ही नौकामालकांना दिला.

किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत राज्याचा 1981 चा मासेमारी नियमन कायदा चालतो. त्यापुढे 200 मैलांपर्यंतचं अनन्य आर्थिक क्षेत्र केंद्राच्या अखत्यारीत. तिथे एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने 2017 साली बंदी घातली. पण बंदी कागदावर आणि दिवे पाण्यावर, असं अजूनही दिसतं. रात्री दिव्याखाली गोळा करून उचललेला माल एकदम जेटीवर आला की भाव पडतो आणि साध्या नौकेचं डिझेलही सुटत नाही. असा माल आम्ही घेत नाही. गस्त वाढली पाहिजे, हे आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो. नियम पाळणाऱ्या तांडेलाला, म्हणजे नौकेच्या प्रमुखाला, त्याच्या कष्टाचा भाव मिळायलाच हवा.

2023 साली राज्याने 54 प्रजातींसाठी किमान आकार ठरवला. पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180, सुरमई 370. आमच्या निवडणीच्या टेबलाच्या कडेला तेव्हापासून स्टीलची पट्टी ठोकलेली आहे. शंका आली की निवडणाऱ्या मावशी मासा त्या पट्टीवर आडवा ठेवतात. आखूड भरला तर तो लॉट नाकारतो, मग मालक कितीही जवळचा असो. लहान पापलेटला किलोमागे मोठ्याच्या मानाने फारच कमी भाव येतो, आणि ते अंडी घालण्याआधीच संपतं. यात कुणाचाच फायदा नाही.

जून-जुलैच्या पावसाळी मासेमारी बंदीत शेड बंद असते. 1 ऑगस्टनंतर नौका सुटतात, तेव्हा ज्या तांडेलांच्या नोंदी पूर्ण असतात, त्यांना बर्फाचे पैसे आम्ही आगाऊ देतो.