'इफ'च्या मागे 'वुड' का लागत नाही?

शिकवणीची मुलं, त्यांचे पालक, कधी जिन्यात भेटणारे शेजारीसुद्धा मला एकच विचारतात: इफच्या वाक्यात वुड नेमकं कुठे घालायचं? फर्स्ट, सेकंड, थर्ड कंडिशनल, म्हणजे अटीच्या वाक्यांचे तीन प्रकार, यांचा तक्ता पाठ असतो. तोंड उघडलं की सगळी सरमिसळ. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. तक्ता बाजूला ठेवा आणि आधी आपलं मराठी वाक्य नीट ऐका.

नर्सिंग करणारी एक मुलगी माझ्याकडे यायची. तिच्या वहीत वाक्य होतं, 'इफ ही वुड हॅव टोल्ड मी, आय वुड हॅव कम.' मी त्याखाली मराठी लिहायला लावलं: 'त्याने सांगितलं असतं तर मी आले असते.' 'असतं' आणि 'असते', 'तर'च्या दोन्ही बाजूंना तेच क्रियापद. मग इंग्रजीतही तिने दोन्हीकडे वुड हॅव घातलं, यात तिचं काय चुकलं? ती मराठीशी प्रामाणिक राहिली होती. इंग्रजी मात्र इथे भेद करते: अटीकडच्या 'असतं'चं नुसतं हॅड होतं, वुड हॅव जातं निकालाकडे.

'इफ आय हॅड मनी' हे वाक्य पाहून 'आत्ता पैसे नाहीत हे सांगायला भूतकाळातलं हॅड कशाला?' असंही मुलं विचारतात. अरे, 'उद्या पाऊस पडला तर मॅच होणार नाही' म्हणताना उद्याच्या पावसाला आपण 'पडला' म्हणतोच ना! अटीत भूतकाळाचं रूप आपल्याला मुळीच परकं नाही. (या वाक्याला इंग्रजीत मात्र साधा वर्तमानकाळ: 'इफ इट रेन्स टुमॉरो'. विल तिथे नको.)

खरी अडचण पुढेच आहे. 'पैसे असते तर घर घेतलं असतं.' हे आजचं की दहा वर्षांपूर्वीचं? मराठीत एकच वाक्य दोन्हीकडे चालतं, संदर्भावरून कळतं. इंग्रजीत आधी ठरवावं लागतं. आजचं असेल तर 'इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ हाउस'. तेव्हाचं असेल तर 'इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट अ हाउस'. दोन हॅड पाहून मुलं बिचकतात, पण दोन्ही लागतात. म्हणून प्रत्येक वाक्यापाशी मी 'कधी?' एवढंच विचारते.

त्या मुलीलाही विचारलं. पेन्सिल वहीवर तशीच टेकलेली. म्हणाली, "तेव्हाचं, मॅडम. आजी गेली तेव्हा दादाने मला परीक्षा होईपर्यंत कळवलंच नाही."

मग पहिलं वुड हॅव खोडून तिने वर हॅड लिहिलं.