सागवानी झोपाळा: फळी जोडून झाली, आता कड्यांची पाळी

झोपाळ्याची फळी जोडून झाली, रंधून झाली आणि खालच्या दोन्ही आडव्या पट्ट्याही बसल्या. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, जाडी दहा सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). गेल्या नोंदीत लाकूड नुसतं आणून ठेवलं होतं, त्यामुळे तिथून पुढचं सांगतो.

लाकूड जुन्या वाड्याच्या तुळयांचं आहे. बल्लारशाहचं नवं 'सीपी' (जुन्या मध्य प्रांताच्या नावाने ओळखलं जाणारं) सागवानही पाहिलं होतं, रंगाला सुरेखच होतं, पण दोन फूट रुंदीसाठी लागणाऱ्या फळ्या त्यात एकसारख्या मिळेनात. जुन्या तुळईचं बाहेरचं रूप काळपट, धुराने माखलेलं. आधी सगळीकडून चुंबक फिरवून खिळे शोधले. जुने खिळे मोडतात आणि अर्धे आतच राहतात, ते भोवतीचं लाकूड पटाशीने कोरूनच काढावे लागतात. करवतीवर घालण्याआधी एवढा वेळ दिलाच पाहिजे. मग पहिला रंधा मारला की खालून मधासारखा रंग येतो आणि सागाचा तो चामड्यासारखा वास खोलीभर होतो. या कामातला माझा सगळ्यात आवडता क्षण हाच. सागात मुळातच सिलिका असते, त्यामुळे पात्याची धार लवकर मरते. पाणदगड शेजारी भिजवूनच ठेवा आणि रंधा ओढावा लागतोय असं वाटलं की थांबून धार लावा. जोर लावून उपयोग नाही, उलट्या रेषेला, म्हणजे तंतूंच्या उलट दिशेला, लाकूड उपटून येतं. भुसा बारीक असतो, अंगाला खाजतो, मास्क हवाच.

आता मुद्द्याचं. 'जुनं सागवान मेलेलं असतं, ते हलत नाही' असं पुष्कळ जण सांगतात. हे खरं नाही. शंभर वर्षं जुनं लाकूडसुद्धा हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, आणि त्याबरोबर रुंदीत फुगतं, आकसतं. लांबीत जवळपास काहीच फरक पडत नाही, जे होतं ते रेषेला आडवं. सागाचं नाव चांगलं आहे ते तो इतर बऱ्याच लाकडांपेक्षा कमी हलतो म्हणून. ओल्यापासून पूर्ण कोरडा होईपर्यंत साग वलयांच्या दिशेने साधारण ५.८ टक्के आकसतो आणि गाभ्याकडून सालीकडच्या दिशेने २.५ टक्के. फर्निचरमध्ये एवढा मोठा पल्ला कधी येत नाही, पण ओलाव्यात एक टक्का फरक पडला की आडव्या चिरलेल्या (वलयं रुंदीच्या दिशेने जाणाऱ्या) फळीची रुंदी साधारण ०.२ टक्के बदलते असं धरून चालायला हरकत नाही.

माझ्याकडे लाकडाचा ओलावा मोजणाऱ्या मीटरवर मे महिन्यात ८ टक्के दिसत होते, आता पावसात १४. म्हणजे सहा टक्क्यांचा फरक. २४ इंचांवर हिशेब केला तर दोन सुतांच्या थोडं वर जातं. माझ्या फळ्या काही आडव्या चिरलेल्या, काही उभ्या, म्हणून त्याहून कमी येईल असा अंदाज होता. ताडून पाहायला मे महिन्यात फळ्या जोडल्यावर टोकाचा दोन इंचांचा काप कापून भिंतीवर टांगून ठेवला, रुंदी बरोबर २४ इंच. आज तोच काप दीड सुताहून थोडा जास्त वाढलेला आहे! ज्यांना पटत नसेल त्यांनी आपल्या कामातला असा एक काप ठेवून बघावा, फुकटचा प्रयोग आहे आणि पुढच्या प्रत्येक कामाला उपयोगी पडतो.

म्हणूनच या झोपाळ्यात माझी सगळी मेहनत फळीला हलायला जागा ठेवण्यात गेली आहे. खालची पट्टी दोन्ही टोकांना फेव्हिकॉल आणि स्क्रूने पक्की केली तर फळीला सुटकाच नाही. पावसाळ्यात ती फुगून कमान धरते, उन्हाळ्यात आकसताना मधोमध उभी फाटते. आमच्या भागातल्या सुतारकाकांना रेखाटन दाखवलं तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य हेच होतं: "अहो, टोकं बांधू नका. मध्ये धरा, टोकं मोकळी सोडा."

फळ्या जोडताना वलयं एक वर, एक खाली अशी आलटूनपालटून घ्यायची की सगळ्यांचा गाभा एकाच बाजूला, हा वाद आपल्याकडे नेहमीचा. मी सगळ्यांचा गाभा वर ठेवला. आलटूनपालटून घेतल्या तर प्रत्येक फळी वेगवेगळ्या दिशेला वाकते आणि पृष्ठभाग बारीक लाटांचा होतो. टेबलावर ते एक वेळ चालेल, झोपाळ्यावर माणूस दुपारचा आडवा होतो, पाठीला लाटा लागतात. गाभा वर असला की सगळी फळी मिळून एकच सौम्य वाक धरते आणि तो खालची पट्टी आवरते. सांध्यांना फेव्हिकॉल लावण्याआधी कडा ताज्या रंधून घेतल्या. सागाचं तेल पृष्ठभागावर येत राहतं, आदल्या दिवशी रंधलेल्या कडेवर चिकटीचा भरवसा नाही.

पट्ट्यांचं काम सगळ्यात आनंदाचं झालं. फळीच्या खालच्या बाजूला आडवी खाच, तीन सूत खोल, कडा ८० अंशांत आत झुकलेल्या, म्हणजे खाच तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद. पट्टीच्या माथ्याला त्याच मापाची शेपटी, ती एका बाजूने सरकवत न्यायची. ८० अंशांचा एक ठोकळा करून घेतला आणि करवत त्याला टेकवून दोन्ही कडा कापल्या. मधलं लाकूड पटाशीने काढलं, तळ हातरंध्याने सपाट केला. गंमत अशी की खाच पूर्ण समांतर नाही, पलीकडच्या टोकाला अर्धा सूत अरुंद आहे. त्यामुळे पट्टी शेवटच्या चार बोटांपर्यंत हाताने सरकते आणि मग मोगरीच्या ठोक्यांनी घट्ट होत जाते. फेव्हिकॉल कुठेही नाही, मध्यभागी फक्त एक स्क्रू. हे बसवण्याचं काम मुद्दाम पावसात केलं. आत्ता पट्टी तिच्या सर्वात जाड अवस्थेत आहे, याहून फुगून खाच फोडणार नाही. उन्हाळ्यात सैल वाटली तर स्क्रू काढायचा, दोन ठोके द्यायचे, स्क्रू परत लावायचा.

कड्यांचा विचारही यातूनच निघाला. बहुतेक झोपाळ्यांत कडी फळीच्या कोपऱ्यातून आरपार जाते. तसं केलं की चार बोल्ट फळी आणि पट्टी एकत्र आवळून टाकतात आणि हलण्याची सगळी सोय वाया जाते. म्हणून माझ्या पट्ट्या २८ इंचांच्या आहेत, फळीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच बाहेर. बारा मिलिमीटरचे डोळ्याचे (माथ्याला गोल कडी असलेले) बोल्ट त्या बाहेरच्या टोकांतून जातील, खाली रुंद वॉशर आणि दोन नट. भार पट्टी उचलते, फळी तिच्यावर मोकळी बसते. पट्ट्या दोन इंच रुंद, तीन इंच उंच, तुळईच्या सर्वात सरळ रेषेच्या भागातून काढलेल्या, गाठ एकही नाही. टोकं गोल करून घेतली, नाहीतर पोटऱ्यांना लागतील.

भाराचं गणित प्रत्येकाने करावं. तीन मोठी माणसं म्हणजे २२५ ते २५० किलो, पण ते स्थिर बसल्यावर. झोका ३० अंशांपर्यंत गेला तर खालून जाताना साखळ्यांवरचा ताण वजनाच्या सव्वापटीहून थोडा जास्त होतो, ४५ अंशांना दीडपटीच्याही पुढे जातो. मुलं उड्या मारतात ते वेगळंच. पितळी कड्या घेताना नक्षीआधी सांधा बघा, डाग दिलेला (झाळून जोडलेला) आहे की नुसता वाकवलेला. स्लॅबमधल्या हुकांना मी स्वतः हात लावणार नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर येऊन तुळई कुठून जाते ते दाखवणार आहेत आणि हुक तिथेच बसतील.

शेवटचा हात उकळलेल्या जवसाच्या तेलाचा, त्यावर मधमाश्यांचं मेण. चपड्याची (लाखेच्या पॉलिशची) चकाकी मला आवडते, पण घाम आणि ओले कपडे लागले की त्यावर पांढरे डाग पडतात. तेल खालच्या बाजूलाही तितकंच द्यायचं, एकाच बाजूला दिलं तर दोन्ही बाजू ओलावा वेगवेगळ्या वेगाने घेतात आणि फळी वाकते. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. एकेक पसरून उघड्यावर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

तेलाला पाऊस सरेपर्यंत थांबतोय, दमट हवेत ते चिकट राहतं. तोवर कड्या आणायच्या आहेत. डाग दिलेल्या, जाड पितळेच्या साखळ्या पुण्यात कोणी घेतल्या असतील तर कडीची जाडी आणि एका कडीची लांबी जरूर कळवा.