रन म्हणजे नुसतं पळणं नाही राव

इंग्लिशमधल्या रन ह्या साध्या क्रियापदाचे ६४५ अर्थ आहेत म्हणे, ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीच्या नव्या आवृत्तीसाठी काम करताना निघालेले. त्याआधी १९८९ च्या आवृत्तीत सेट हा शब्द ४३० अर्थ घेऊन पुढं होता. आता एवढे पाठ कोण करणार, आणि करूच नयेत असं माझं मत.

आपल्याकडं शाळेत रन म्हणजे पळणे एवढंच डोक्यात बसवतात, मग द टॅप इज रनिंग वाचून भाचा विचारतो, मामा नळ कसाकाय पळायलाय? (लातुरात नळ आला की गल्लीच पळते, ते सोडा.) २०१६ च्या एप्रिलमधे मिरजेहून पाण्याची रेल्वे आलती बघा, त्यावरूनच सांगितलं त्याला, बोर आटले म्हणजे द बोर्स रॅन ड्राय आणि पाण्यासाठी रेल्वे चालवली म्हणजे दे रॅन अ ट्रेन. दोन्हीकडं रॅनच.

खरी मेख इथंय. आपण चालणेचं चालवणे करतो, दुकान चालतं अन् मालक दुकान चालवतो, मधे एक व घातला की काम झालं. इंग्लिशला तसलं काही लागत नाही, ही रन्स म्हणलं की तो पळतो आणि पुढं अ शॉप लावलं की तोच दुकान चालवायला लागतो, म्हणून रनकडं बघत बसू नका, त्याच्या आगेमागे काय आलंय ते बघा. नाकाबरोबर आलं तर गळतंय, नदीबरोबर आलं तर वाहतेय, इलेक्शन आलं तर अमेरिकेतला नेता रन करतो, ब्रिटनमधे मात्र स्टँड म्हणतात, म्हणजे आपल्यासारखंच, उमेदवार उभा राहतो आणि पळापळ कार्यकर्त्यांची.

साखरेचं अजून वेगळं. आपली साखर संपते, त्यांच्यात वुई रॅन आऊट ऑफ शुगर, म्हणजे वाक्यात संपणारे आपणच! द शुगर रॅन आऊट पण बरोबरंय, घाबरू नका.

फक्त इनटू आणि ओव्हरमधे घोळ घालू नका. आय रॅन इनटू युवर फादर म्हणजे तुझे वडील अचानक भेटले, आणि आय रॅन ओव्हर युवर फादर म्हणजे त्यांच्या अंगावर गाडी घातली.