प्लाझ्मा परवडला, अर्ज नको

जायरोकायनेटिक कोड (चुंबकीय क्षेत्रातल्या प्लाझ्माची खळबळ संगणकावर सोडवणारा प्रोग्रॅम) उतरवून घेणं, कंपाइल करणं, 'सायक्लोन बेस केस' या ठरलेल्या नमुना-उदाहरणाची इनपुट फाइल भरणं, यावर फार लिहिण्यासारखं काही नाही. २००० साली डिमिट्स आणि सहकाऱ्यांनी या केसवर वेगवेगळे कोड ताडून पाहिले, तेव्हापासून टोकामॅकच्या (चुंबकांनी प्लाझ्मा कोंडणाऱ्या कड्यासारख्या यंत्राच्या) टर्ब्युलन्समध्ये, म्हणजे आतल्या खळबळीत, शिरणारा बहुतेक जण इथूनच सुरुवात करतो. तापमानाच्या उताराचा आकडा ६.९, सेफ्टी फॅक्टर (चुंबकीय रेषांचा पीळ सांगणारा आकडा) १.४, आकडे तयार आहेत, फक्त टाकायचे. लिनिअर रन (अस्थिरता मुळात वाढते का, एवढंच पाहणारे) विभागातल्या वर्कस्टेशनवरच झाले.

नॉनलिनिअर रनसाठी (वाढ पुढे कुठे थांबते हे पाहायला) मात्र मोठ्या क्लस्टरवर वेळ मागायला गेले आणि सगळा पावसाळा त्या अर्जात गेला.

अर्जात अट होती: तुमचा कोड किती कोअरपर्यंत स्केल होतो, म्हणजे कोअर वाढवले की वेगही वाढतो, याचा आमच्या यंत्रावर काढलेला आलेख जोडा. आता तुमच्या यंत्रावर माझं खातंच नाही, तर आलेख कुठून आणू? खात्यासाठी अर्ज मंजूर व्हायला हवा आणि मंजुरीसाठी आलेख. ईमेल केला की ठरलेलं उत्तर यायचं, "कृपया अर्ज पूर्ण भरून पाठवावा." सर म्हणाले, "धीर धर." त्यांना काय जातंय!

पुढचा रकाना त्याहून भारी: एका रनला नेमके किती कोअर-तास? ग्रिड सांगता येतो. जागेच्या तीन मिती, वेगाच्या दोन, १२८ × १६ × १६ × ३२ × ८, म्हणजे साधारण ८४ लाख बिंदू. पण उष्णतेचा प्रवाह आधी उसळतो, मग झोनल फ्लो (टर्ब्युलन्सनेच उभे केलेले प्लाझ्माचे प्रवाहपट्टे) तयार होऊन त्याला आवरतात आणि त्यानंतर कुठे सरासरी घेण्याजोगा सपाट भाग येतो. तो कधी येईल हे रन केल्याशिवाय कसं सांगणार? समितीत बहुधा हवामानवाले आणि रसायनवाले बसले होते. "इलेक्ट्रॉन का धरले नाहीत?" असंही विचारलं. धरले असते तर ड्युटेरियमच्या आयनांपेक्षा ते साठेक पट वेगाने पळतात, टाइमस्टेप तेवढी बारीक करावी लागली असती आणि मग मागितलेले तास बघून हेच लोक घाबरले असते. हे मी सभ्य भाषेत लिहून पाठवलं.

शेवटी कोंडी फुटली ती फोनमुळे. मशीन रूममधल्या एका दादांनी सहज सांगितलं, "मॅडम, चाचणी खातं मागा ना, लगेच मिळतं." संकेतस्थळावर त्याचा उल्लेखही नव्हता! तेव्हा अर्ज उघडण्याआधी फोन करा. आलेख दोन दिवसांत झाला.

मागितलेल्यातले निम्मेच तास मिळाले, ते सगळ्यांचंच होतं म्हणे. पुढच्या वेळी मी त्या हिशेबाने मागणार आहे. हो, आणि वॉलटाइम (जॉबला दिलेली वेळमर्यादा) संपायच्या आत चेकपॉइंट (रन तिथूनच पुढे चालवायची नोंद) लिहिला जातोय ना, हे पहिल्याच जॉबला बघून घ्या.

तापमानाचा उतार ६.९ ठेवलेला रन सरळ झाला. तास खाल्ले ते ५ च्या रनने. लिनिअर उंबरठा ४ च्या आसपास, त्यामुळे अस्थिरता वाढायला हवी आणि वाढलीही. पण नंतर झोनल फ्लोंनी प्रवाह जवळजवळ शून्यावर आणून ठेवला. साधारण ६ च्या खाली असंच होतं, यालाच डिमिट्स शिफ्ट म्हणतात. तो उतरता आलेख आता नूतनीकरणाच्या अर्जाला जोडलाय, 'एका रनला किती वेळ' या रकान्यासमोर.