‘बेझल जरा वाकडा दिसता’

पावसाळा लागला की कुडाळच्या माझ्या दुकानात मालवण-तारकर्लीची पोरं दिसायला लागतात. समुद्र खवळलेला, स्कूबाच्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, पर्यटक गायब. मग वर्षभर लांबणीवर टाकलेली कामं निघतात. जुलैमध्ये असाच एक जण आला. पंचविशीचा, स्कूबाच्या होडीवर गाइड. रुमालात गुंडाळलेलं घड्याळ काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, ‘‘काका, ह्या जरा बघा. बेझल जरा वाकडा दिसता.’’ बेझल म्हणजे काचेभोवतीचं फिरणारं कडं.

सेकोचं एसकेएक्स००७. पाणबुड्यांसाठी बनवलेलं, २०० मीटरचं, चावी चार वाजण्याच्या बाजूला. १९९६ मध्ये आलेलं आणि २०१९ मध्ये बंद झालेलं हे मॉडेल आता नवं मिळत नाही, आणि म्हणूनच जुन्याला मागणी आहे. त्याने जहाजावरच्या एका माणसाकडून घेतलं होतं. ‘‘अजून पाण्यात न्हेऊक नाय. सीझन सुरू झालो की न्हेतलंय.’’

त्याच्या तक्रारी चार होत्या. बेझलवरची त्रिकोणी खूण बाराच्या समोर येत नाही. बेझल फिरवताना जोर लागतो. घड्याळ रोज पाच-सहा मिनिटं पुढे जातं. आणि वाराच्या खिडकीत ‘एल-यू-एन’ असं काहीतरी येतं.

शेवटचीपासून सुरुवात केली. त्या चकतीवर इंग्रजी आणि स्पॅनिश, दोन्ही भाषांतले वार असतात. चावी एक टप्पा बाहेर ओढून आणखी एक खट् फिरवली की सोमवार इंग्रजीत येतो. पोरगा खजील झाला. त्याला एवढंच सांगितलं की रात्री नऊ ते पहाटे चार या वेळात वार-तारीख फिरवायची नाही. तेव्हा आतले दाते पुढची तारीख ढकलण्याच्या बेतात असतात, बळजबरी केली तर दाता तुटतो. या मशीनला, ७एस२६ ला, चावी देता येत नाही हेही त्याला ठाऊक नव्हतं. हातात घालून हलवायचं, बस.

पुढे पळणाऱ्या घड्याळाचा छडा लहान होकायंत्राने लागला. काचेवर होकायंत्र धरलं तर सुई थरथरायला लागली, आत मागेपुढे झुलणाऱ्या बॅलन्स चाकाच्या तालावर. त्या चाकाच्या बारीक स्प्रिंगला, हेअरस्प्रिंगला, चुंबकत्व चढलं होतं; वळसे एकमेकांना चिकटले की स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळतं. ‘‘रात्री खंय ठेवतंस?’’ विचारलं, तर मोबाइलच्या कव्हरवर. कव्हर चुंबकाचं. चुंबकत्व उतरवणाऱ्या डीमॅग्नेटायझरवरून काढल्यावर, घड्याळाची चाल मोजणाऱ्या टाइमग्राफरवरची रेघ सरळ झाली. दिवसाला दहा-पंधरा सेकंद पुढेमागे या मशीनला मी माफ करतो.

राहिलं बेझल. घट्ट बेझल म्हटलं की आमच्याकडे उत्तर ठरलेलं असतं, मीठ आणि वाळू. तशी तयारी ठेवूनच मी पातळ पात्याने बेझल उचललं. मीठ होतं, वाळूही होती. पण खाचेत एका बाजूला काचेच्या कडेला लागून काहीतरी कडक, चकाकणारं होतं. आयग्लास लावून बघितलं. डिंक नव्हे, झटपट चिकटणारा गोंद, वाळून काचेसारखा झालेला, काचेच्या कडेने ओघळत बेझलच्या खाचेत उतरलेला. तेव्हाच काचेच्या काठावरची ती पांढुरकी झाक लक्षात आली, जिला मी आधी ओरखडे समजून सोडून दिलं होतं. तो गोंद वाळताना त्याची वाफ अशीच पांढरी बसते.

म्हणजे कुणीतरी काच बदलली होती आणि ती गोंदाने बसवली होती. बेझल घट्ट झालं ते त्या ओघळाने. आणि काच बदलताना काढलेली बेझलवरची आकड्यांची चकती परत लावताना वाकडी बसली. चारही तक्रारी वेगळ्या वाटत होत्या, त्यातल्या दोन एकाच हाताच्या होत्या.

पोराला म्हटलं, बेझल राहू दे, आधी पाण्याचं बघू. तो म्हणाला, ‘‘पाण्याचा काय्येक नाय काका, आत थेंब नाय.’’ असणार कसा, पाण्यात नेलंच कुठे होतं!

टेस्ट करताना मी मशीन कधी आत ठेवत नाही. मशीन काढून नुसती केस घेतली, मागच्या झाकणाचं, म्हणजे बॅकचं, नवीन रबर सिलिकॉन ग्रीस लावून बसवलं, चावी आटे घालून घट्ट केली. आटे शाबूत होते, हे नशीब. मग केस पारदर्शक नळकांड्यात पाण्याच्या वर लटकवून पंपाने हवेचा दाब ६ बारपर्यंत नेला. दहा मीटर पाण्याला साधारण एक बार, म्हणजे साठ मीटरचा हिशेब. तशीच थोडा वेळ ठेवायची. कुठे फट असेल तर त्या दाबाची हवा आत शिरून बसते. नंतर केस पाण्यात सोडायची आणि दाब हळूहळू कमी करायचा. आत अडकलेली हवा मग आल्या वाटेने बाहेर पडते.

पोरगा काउंटरच्या आत येऊन वाकून बघत होता. काही क्षण काहीच नाही. चावीजवळ नाही, बॅकजवळ नाही. मग काचेच्या कडेने, आठच्या आकड्याच्या बाजूला, एक बुडबुडा. मागोमाग दुसरा. मग टाचणीच्या टोकाएवढ्या बुडबुड्यांची माळच लागली. पाण्याखाली दिवसभर बुडबुडे बघणारा तो, पण हे बघून गप्प झाला. मी लगेच केस वर ओढली.

काच दाबून बाहेर काढली तेव्हा कारण दिसलं. काचेभोवतीचं गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी रिंग, तिथेच चिरडलेलं होतं. बहुधा काच तिरकी दाबली गेली. गळती बंद करायला गोंद. गोंद दुकानात ठेवलेल्या घड्याळाची काच धरून ठेवतो, पण त्याला लवचीकपणा नाही; समुद्राच्या दाबाखाली, उन्हातून गार पाण्यात, तो भेगाळणारच. हे काम कुणी केलं ते मला माहीत नाही, पण चिरडलेलं गॅस्केट बघूनही बॅक लावणाऱ्या माणसाला मी कारागीर म्हणणार नाही.

मुंबईहून काच आणि गॅस्केट कुरियरने मागवलं. केसवरचा गोंद अ‍ॅसिटोनने उतरवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. खाचेत कण राहिला तर नवं गॅस्केटही तिथेच फसणार. काच प्रेसमध्ये सरळ बसवली, परत टेस्ट घेतली, एक बुडबुडा नाही. बेझलही आता १२० टप्पे मोकळे वाजवत फिरू लागलं, एकाच दिशेने. ते एकाच दिशेने फिरतं यात शहाणपण आहे: चुकून धक्का लागला तर पाण्याखाली गेलेला वेळ जास्त दिसतो, कमी नाही, आणि माणूस लवकर वर येतो. त्याच्या दुसऱ्या हाताला खोली आणि वेळ दाखवणारा डाइव्ह कॉम्प्युटर असतोच, तरी. आकड्यांची चकतीही बाराला लावून दिली. त्याची मूळ तक्रार शेवटी तीच तर होती.

घ्यायला आला तेव्हा बिलावर मी लिहिलं होतं, ‘६ बारपर्यंत तपासले.’ त्याने डायलवर बोट ठेवलं. ‘‘हय तर दोनशे मीटर लिवलाहा.’’

‘‘ता कंपनीन लिवलाहा. माझी मशीन सहापर्यंतच जाता, मी तितक्याच लिवतलंय. तू पर्यटकांका घेऊन किती खोल जातंस?’’

‘‘आठ-दहा मीटर.’’

‘‘मग घाल बिनधास्त. वर इल्यार गोड्या पाण्यान धू, ओल्या हातान चावी उघडू नको, आणि पुढच्या पावसात रबर बदलूक घेऊन ये.’’

घड्याळ मनगटावर चढवून, बेझल दोन-चारदा उगाच फिरवून त्याने पैसे दिले. दारापर्यंत जाऊन परत आला. मामाची एचएमटी घरात बंद पडून आहे, ती आणली तर चालेल का म्हणाला. आण म्हटलं. पण कुणी गोंद लावायच्या आधी आण.