तुम्ही विचारलंत म्हणून: पिकोलिस्पमध्ये डेटाबेस असतो कुठे?

"पिकोलिस्पमध्ये अख्खं बिलिंग लिहिता येतं म्हणता, मग डेटाबेस कोणता जोडायचा? मायएसक्यूएल की पोस्टग्रेस?" हा प्रश्न वारंवार येतो. कोणताच जोडायचा नाही. पिकोलिस्प ही प्रोग्रामिंगची भाषा, आणि डेटाबेस तिच्या आतच आहे. तो आत कुठे बसलाय हे समजून न घेता कोड लिहिला तर प्रोग्राम चालतो, पण डेटा हळूहळू बिघडत जातो आणि ते बरेच दिवस कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पिकोलिस्प ही जर्मनीतल्या अलेक्झांडर बर्गर यांची भाषा. १९८८ पासून ते ती घडवत आले आहेत. सध्याची आवृत्ती पिल२१, ती एलएलव्हीएमवर (कंपायलर बांधायच्या तयार साधनांवर) उभी आहे. मूळ प्रकार तीनच: पूर्णांक, सिंबल आणि लिस्ट. फ्लोट (दशांश संख्या) नाही, ॲरे नाही, लिहिलेला कोड मशीन कोडमध्ये बदलणारा कंपायलरही नाही. डेबियन लिनक्सवर पॅकेज तयार मिळतं. 'पिल' या कमांडपुढे अधिक चिन्ह दिलं की चुका शोधायला मदत करणारा डीबग मोड सुरू होतो, आणि शिकताना तोच वापरावा.

खरी गोम सिंबलमध्ये आहे. फंक्शन आणि व्हेरिएबल यांची नावं म्हणजे इंटर्नल सिंबल. इतर भाषांत ज्याला स्ट्रिंग म्हणतात तो इथे ट्रान्झियंट सिंबल. तिसरा एक्स्टर्नल सिंबल, आणि हाच डेटाबेस. त्याचं नाव महिरपी कंसात असतं आणि ते नाव म्हणजेच डिस्कवरच्या फाइलमधली त्याची जागा. अशा सिंबलला हात लावला की तो आपोआप डिस्कवरून मेमरीत येतो. बदलला की 'बदललेला' अशी खूण पडते. कमिट केलं की लिहिला जातो, रोलबॅक केलं की बदल टाकून दिला जातो. मध्ये क्वेरी नाही, ड्रायव्हर नाही, टेबलातल्या ओळीचं ऑब्जेक्टमध्ये रूपांतर करणारा थर नाही. बिलातून गिऱ्हाइकाकडे जायचं तर दोन टेबलं जोडणारं जॉइन लागत नाही, कारण बिलाच्या एका प्रॉपर्टीत तो गिऱ्हाईकच असतो.

रचना सांगायची ती क्लासमधून. +गिऱ्हाईक आणि +बिल असे दोन क्लास घ्या (सिंबलची नावं देवनागरीत चालतात). दोन्ही +एंटिटी या क्लासचे वारस. प्रत्येक प्रॉपर्टी 'रेल'ने जाहीर करायची: बिलाचा नंबर +की म्हणजे पुनरावृत्ती न चालणारा इंडेक्स (शोधासाठीची सूची), तारीख +रेफ म्हणजे पुनरावृत्ती चालणारा इंडेक्स. दोघांमधलं नातं +जॉइंट. बिलाच्या बाजूला साधा +जॉइंट, गिऱ्हाइकाच्या बाजूला +लिस्ट +जॉइंट, आणि प्रत्येक बाजूने समोरच्या प्रॉपर्टीचं नाव अचूक द्यायचं. मग बिलावर गिऱ्हाईक लिहिला की त्याच्या यादीत बिल आपोआप जातं.

कोणता क्लास आणि कोणता इंडेक्स कुठल्या फाइलमध्ये राहील हे 'डीबीएस' ठरवतं. तिथला आकडा ब्लॉकचा आकार सांगतो: ० म्हणजे ६४ बाइट, १ म्हणजे १२८, २ म्हणजे २५६, ४ म्हणजे १०२४. प्रत्येक ब्लॉकचे पहिले ६ बाइट पुढच्या ब्लॉकचा पत्ता ठेवण्यात जातात. बिलातल्या एकेका ओळीला ६४ पुरतात, गिऱ्हाइकाला २५६ द्यावेत, मोठ्या इंडेक्सला १०२४ किंवा जास्त. लहान ब्लॉकमध्ये मोठं ऑब्जेक्ट ठेवलं तर ते साखळीने अनेक ब्लॉकांत पसरतं आणि वाचन मंदावतं. आकार फाइलच्या सुरुवातीलाच नोंदला जातो आणि नंतर 'डीबीएस'मधला आकडा बदलून तो बदलत नाही, तेव्हा हा विचार पहिली नोंद टाकण्यापूर्वीच करायचा.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक दिसायला फार साधी असते. भाषेत 'पुट' हे फंक्शन आहे आणि शेवटी > चिन्ह असलेली 'पुट>' ही मेथड आहे. दोन्हींनी किंमत बदलते, दोन्ही कमिटने डिस्कवर जातात. पण इंडेक्स आणि +जॉइंटची दुसरी बाजू फक्त 'पुट>' सांभाळते. नुसता 'पुट' वापरून गिऱ्हाइकाचं नाव बदललं तर जुन्या नावाने शोधल्यावर तो सापडतो आणि नव्या नावाने सापडत नाही. ऑब्जेक्ट उघडून पाहिलं तर सगळं बरोबर दिसतं, त्यामुळे माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

तशीच दुसरी गैरसमजूत +नीडबद्दल. ही प्रॉपर्टी भरलीच पाहिजे असं ते सांगतं, पण तपासणी 'मिस>' मेथडमध्ये होते आणि ती फॉर्मच्या बाजूने बोलावली जाते. तुमची आयात स्क्रिप्ट थेट 'पुट>' करत असेल तर रिकामी किंमत बिनबोभाट आत जाईल. स्क्रिप्टमध्ये 'मिस>' स्वतः बोलवा.

वेब सर्व्हर प्रत्येक सेशनला वेगळी चाइल्ड प्रोसेस देतो, आणि प्रत्येकीची स्वतःची मेमरी असते. म्हणून बदलाचा क्रम ठरलेला आहे: आधी 'डीबीसिंक' करून लॉक घ्यायचा, मग बदल, मग 'कमिट', आणि कमिटला 'अपडी' हा आर्ग्युमेंट. त्यामुळे भावंड प्रोसेसना कळतं की त्यांच्याकडची प्रत शिळी झाली. 'अपडी' विसरलात तर शेजारच्या काउंटरवर जुनीच रक्कम दिसत राहते. एकच बदल असेल तर मेथडची उद्गारचिन्हवाली रूपं हे सगळं स्वतः करतात. पण पुढचा बिल नंबर काढणं आणि बिल तयार करणं, दोन्ही एकाच लॉकच्या आत हवं. नाहीतर दोन काउंटर तोच नंबर काढतील.

हा निरोप फक्त एकाच पालक प्रोसेसच्या कुटुंबात पोचतो. म्हणून 'पूल'ने डेटाबेस आधी पालकाने उघडायचा, मग सर्व्हर सुरू करायचा. रात्रीच्या क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामातून) त्याच डिरेक्टरीवर दुसरा 'पिल' चालवू नका. काम चालू सर्व्हरकडेच पाठवा.

लाखभर नोंदी आयात करताना दर दहा हजारांना कमिट आणि 'प्रून' (न लागणारी पानं मेमरीतून काढणं) करा, नाहीतर इंडेक्सची पानं मेमरीत साठत जातात. पैसे पैशांतच ठेवा: साडेबारा रुपये म्हणजे १२५०. त्यावर १८ टक्के कर काढताना गुणाकार आणि भागाकार एकत्र करणारं '*/' वापरा. १२५० गुणिले १८ भागिले १०० म्हणजे २२५, आणि उत्तर तिथेच जवळच्या पूर्णांकात येतं. आधी भागून मग गुणलं तर १२५० चे १२ होतात आणि कर २१६ येतो.

मराठी नावं शोधताना एक खबरदारी हवी. उदाहरणांत नावासाठी +फोल्ड सर्रास दिसतं. फोल्ड अक्षरं आणि अंक ठेवून बाकी सगळं गाळतं, आणि युनिकोडमध्ये आपल्या काना-मात्रा, वेलांट्या 'अक्षर' वर्गात नाहीत, 'चिन्ह' वर्गात आहेत, म्हणून त्याही गळतात. इंग्रजी नावांना ते सोयीचं आहे. देवनागरी नावांसाठी मात्र साधा +रेफ, किंवा नावाच्या मधल्या भागानेही शोधायचं असेल तर +आयडीएक्स घ्या. त्यातला सर्वांत छोटा तुकडा मुळात ३ कॅरेक्टरचा असतो, आणि मात्रा वेगळी मोजली जात असल्याने 'काळे' हे नाव ४ भरतं.

बॅकअपसाठी चालू फाइली तशाच कॉपी करू नका. 'डीबीसिंक'ने लॉक धरा, कॉपी करा, रोलबॅकने सोडा. मग त्या प्रतीवर 'डीबीसीके' चालवून ब्लॉकांची साखळी तुटलेली नाही ना ते तपासा. दोन बॅकअपच्या मधले बदल हवे असतील तर 'पूल'ला तिसरा आर्ग्युमेंट म्हणून जर्नल फाइलचं नाव द्या. प्रत्येक कमिट तिथे नोंदलं जातं आणि ते जुन्या प्रतीवर पुन्हा चालवता येतं. ती फाइल वेगळ्या डिस्कवर ठेवा.