मेंदूची धमनी: उघडायची केव्हा आणि हात लावायचा नाही केव्हा

मी रेडिओलॉजिस्ट आहे आणि माझ्या दिवसाचा मोठा भाग मेंदूचे व मानेचे स्कॅन वाचण्यात जातो. रिपोर्ट हातात पडल्यावर नातेवाईक जो प्रश्न विचारतात, तो बहुतेक वेळा एकच असतो: "ब्लॉकेज आहे ना, मग स्टेंट कधी टाकायचा?" प्रश्न स्वाभाविक आहे, कारण अँजिओग्राफी करायची, अडथळा दिसला की तो दूर करायचा, ही रीत हृदयाच्या उपचारांमुळे आता सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. मेंदूच्या बाबतीत मात्र तीच रीत जशीच्या तशी लागू करू पाहणाऱ्यांचा अंदाज गेल्या चाळीस वर्षांत एकापेक्षा अधिक वेळा साफ चुकला आहे. वाहिनी उघडी झाली म्हणजे मेंदू वाचला असे नसते, आणि वाहिनी बंद दिसली म्हणजे ती उघडलीच पाहिजे असेही नसते.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण विश्रांतीच्या अवस्थेत शरीर वापरते त्यातला साधारण २० टक्के प्राणवायू एकटा मेंदू खातो आणि साठा असा काहीच ठेवत नाही. मेंदूच्या १०० ग्रॅम ऊतींना दर मिनिटाला अंदाजे ५० मिलिलिटर रक्त मिळत असते. हा पुरवठा २०च्या आसपास उतरला की पेशी काम थांबवतात, परंतु जिवंत राहतात. तो १०च्या खाली गेला की त्या काही मिनिटांत मरू लागतात. या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्याला वैद्यकात पेनम्ब्रा म्हणतात, आणि पक्षाघातावरचा सगळा तातडीचा उपचार या पट्ट्यासाठीच असतो. तो पट्टा किती वेळ तग धरेल, हे शेजारच्या धमन्यांतून आडवाटेने किती रक्त पोहोचते यावर ठरते. थॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये वर्णन केलेले मेंदूच्या तळाशी असलेले धमन्यांचे कडे अशाच आडवाटांपैकी एक आहे, परंतु पुष्कळ लोकांमध्ये ते पूर्ण जुळलेले नसते. त्यामुळे एकाच जागी एकाच आकाराची गुठळी अडकूनही एकाचा मेंदू दोन तासांत हातचा जातो, तर दुसऱ्याचा दहा तासांनंतरही बराचसा शाबूत सापडतो.

तोंड वाकडे झालेला, एक हात लुळा पडलेला किंवा बोलणे अडखळणारा रुग्ण तातडीच्या विभागात येतो तेव्हा डॉक्टर दोन गोष्टी आधी पाहतात. पहिली म्हणजे रक्तातील साखर, कारण साखर फार खाली गेली तर पक्षाघाताची हुबेहूब नक्कल होऊ शकते. दुसरी म्हणजे वेळ. त्रास कधी लक्षात आला यापेक्षा रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता, हे महत्त्वाचे असते. रात्री दहाला नीट झोपलेला माणूस सकाळी सहाला लुळा उठला, तर घड्याळ रात्री दहापासून मोजले जाते. घरच्यांना याचा कधी कधी राग येतो, पण त्या एका उत्तरावर पुढची अनेक दारे उघडतात किंवा बंद होतात.

त्यानंतर सीटी स्कॅन. गुठळीने झालेला पक्षाघात आणि रक्तस्रावाने झालेला पक्षाघात यांच्यात रुग्णाला नुसते तपासून खात्रीने फरक करता येत नाही, आणि एकाचे औषध दुसऱ्याला जीवघेणे ठरू शकते. साध्या सीटीवर ताजे रक्त पांढरे दिसते, म्हणून ते आहे की नाही हे काही क्षणांत कळते. ते नसले की माझे खरे काम सुरू होते. कानशिलाच्या आत खोलवर, इन्सुला नावाच्या घडीपाशी, करडा आणि पांढरा भाग यांच्यातली बारीक सीमारेषा दोन्ही बाजूंना सारखीच स्पष्ट आहे का, हे मी पडद्याचा कॉन्ट्रास्ट वाढवून पाहतो. एका बाजूला ती रेषा पुसट झाली असेल, तर तिथे पेशींना सूज येऊ लागली आहे. मधली मोठी धमनी एका बाजूला जाड पांढऱ्या दोऱ्यासारखी उठून दिसली, तर तो दोरा बहुधा गुठळीचाच असतो. या धमनीच्या क्षेत्राचे दहा भाग पाडून बिघडलेल्या प्रत्येक भागाचा एक गुण वजा केला जातो. दहापैकी दहा गुण म्हणजे अजून काहीच हातचे गेलेले दिसत नाही.

इथे एक गैरसमज मी वारंवार पाहतो. पहिल्या काही तासांत सीटी पुष्कळदा जवळजवळ निर्दोष दिसतो आणि "स्कॅन नॉर्मल आहे" हे ऐकून घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. प्रत्यक्षात त्या घडीला नॉर्मल सीटीचा अर्थ पक्षाघात नाही असा नसून, मेंदू अजून मेलेला नाही आणि म्हणून घाई करण्यात अर्थ आहे, असा असतो. एमआरआयच्या डिफ्यूजन प्रकारच्या प्रतिमेवर हाच बिघाड कितीतरी आधी उजळ दिसू लागतो, पण त्यासाठी वेळ घालवणे प्रत्येक वेळी परवडत नाही.

साध्या स्कॅनला लागूनच हाताच्या शिरेतून रंगद्रव्य देऊन सीटी अँजिओग्राफी करतात, आणि छातीतल्या महाधमनीच्या कमानीपासून माथ्यापर्यंतचा मार्ग दिसतो. धमनी जिथे एकाएकी तुटल्यासारखी संपते, तिथे गुठळी आहे. लिस्बनच्या एगास मोनीझ यांनी १९२७ मध्ये मेंदूच्या धमन्यांचे असे चित्र पहिल्यांदा मिळवले तेव्हा द्रव्य थेट मानेतल्या धमनीत टोचावे लागत असे. त्यांना १९४९ चे नोबेल मिळाले ते मात्र या शोधासाठी नव्हे, तर मेंदूचे तंतू कापण्याच्या त्या बदनाम शस्त्रक्रियेसाठी. माझ्या मते नोबेल समितीने पारितोषिक योग्य माणसाला, पण चुकीच्या कामासाठी दिले.

गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची उपयुक्तता १९९५ मध्ये अमेरिकेतील चाचणीने सिद्ध झाली. त्यावेळी मर्यादा तीन तासांची होती; २००८ मध्ये ती साडेचार तासांपर्यंत वाढली. अल्टेप्लेज हे औषध दर किलो वजनामागे ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९० मिलिग्रॅम, या हिशोबाने देतात. दहावा हिस्सा एकदम आणि उरलेले तासाभरात. आता टेनेक्टेप्लेज हे त्याच कुळातले औषध एकाच इंजेक्शनमध्ये देता येते. त्या पहिल्या चाचणीत औषध दिलेल्यांपैकी ६.४ टक्के रुग्णांना लक्षणे बिघडवणारा मेंदूतील रक्तस्राव झाला, औषध न दिलेल्यांत तो ०.६ टक्के होता. तरीही तीन महिन्यांनी औषध मिळालेल्यांची अवस्था एकंदरीत चांगली होती. संमतीपत्रावर सही मागताना डॉक्टर जो धोका सांगतात तो हा. रक्तदाब १८५/११० च्या वर असेल तर तो खाली आणल्याशिवाय हे औषध देत नाहीत, तेही याच कारणाने.

मोठ्या धमनीतली लांब गुठळी औषधाला सहसा दाद देत नाही. मग ती बाहेरून ओढून काढावी, ही कल्पना सरळ होती, आणि तरीही २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन चाचण्यांत तिचा फायदा दिसला नाही. पुष्कळांनी ही पद्धत संपली असे मानले. नंतर बारकाईने पाहता कारणे सापडली: साधने जुनी होती, वेळ फार जात होता आणि अनेक रुग्णांमध्ये मोठी धमनी खरोखर बंद आहे का, हे आधी अँजिओग्राफीने तपासलेलेच नव्हते. २०१५ च्या आरंभी नेदरलँड्समधील ५०० रुग्णांच्या एमआर क्लीन चाचणीने चित्र पालटले. तिथे बंद धमनीची आधी खात्री केली गेली होती आणि गुठळीला जाळीत पकडणारी नवी साधने वापरली होती. तीन महिन्यांनी स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांचे प्रमाण १९ वरून जवळजवळ ३३ टक्क्यांवर गेले, आणि त्याच वर्षी आणखी चार चाचण्यांनी त्याला दुजोरा दिला. माझ्या दृष्टीने यातला धडा साधनांपेक्षा निवडीचा अधिक आहे.

प्रत्यक्ष प्रक्रियेत जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून एक नळी मानेपर्यंत नेतात, तिच्यातून दुसरी बारीक नळी आणि तिच्यातून केसासारखी तार गुठळीच्या पलीकडे सरकवतात. गुठळीच्या आरपार मिटलेली जाळी उघडून काही मिनिटे तशीच ठेवतात, म्हणजे तिच्या तारा गुठळीत रुततात. मग बाहेरून जोराचे शोषण चालू ठेवून जाळी हळूहळू मागे ओढतात. बाहेर गॉजवर पडते ती तांबडी-काळी, अनेकदा सेंटिमीटरभर लांबीची एक वस्तू. पुन्हा रंगद्रव्य सोडले की मघाशी रिकामा असलेला अर्धा पडदा फांद्यांनी भरून जातो. पण इतके सुंदर चित्र मिळूनही काही रुग्ण उठत नाहीत, कारण पलीकडचा मेंदू आधीच गेलेला असतो.

म्हणूनच २०१८ मधील डॉन चाचणीने घड्याळापेक्षा ऊतींकडे पाहिले. शेवटचे ठणठणीत दिसल्यापासून सहा ते चोवीस तास झालेले, पण लक्षणे मोठी आणि मेलेला भाग लहान असलेले रुग्ण तिने निवडले. त्यांच्यात गुठळी काढल्यावर ४९ टक्के स्वावलंबी झाले, न काढलेल्यांत १३ टक्के. उशीर चालतो असा याचा अर्थ कोणी काढू नये. ज्यांच्या आडवाटा भक्कम आहेत त्यांनाच उशिरा संधी मिळते, आणि त्या कोणाच्या भक्कम आहेत हे आधी ठाऊक नसते.

काही मिनिटे हात लुळा पडून पूर्ववत झाला, किंवा एका डोळ्यापुढे पडदा येऊन निघून गेला, तर लोक ते विसरून जातात. वास्तविक अशा झटक्यानंतरचे पहिले दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात. अशा वेळी मानेतल्या कॅरोटिड धमनीची डॉपलर सोनोग्राफी करतात. तिथे ७० ते ९९ टक्के अरुंदपणा असेल आणि लक्षणे त्याच बाजूच्या मेंदूची असतील, तर धमनी उघडून आतला थर खरवडून काढण्याचा फायदा निर्विवाद आहे: १९९१ च्या उत्तर अमेरिकी चाचणीत त्या बाजूचा पक्षाघात दोन वर्षांत औषधांवर ठेवलेल्यांपैकी २६ टक्के रुग्णांना झाला, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ९ टक्क्यांना. शस्त्रक्रिया पहिल्या दोन आठवड्यांत झाली तर लाभ सर्वाधिक. आणि धमनी पूर्ण शंभर टक्के जुनी बंद झालेली असेल, तर सहसा काहीच करत नाहीत. हे ऐकून नातेवाईक चक्रावतात. पण गुठळीचे तुकडे वर वाहून नेणारा प्रवाहच जिथे थांबला आहे, तिथे आता उघडण्यात धोका जास्त आणि मिळकत कमी असते.

कवटीच्या आतल्या अरुंद धमन्यांचे गणित याहूनही वेगळे आहे. त्या बारीक आणि पातळ भिंतींच्या असतात, आणि त्यांच्यातून निघणाऱ्या सूक्ष्म फांद्या मेंदूच्या खोल भागाला रक्त देतात. स्टेंट फुलवताना भिंतीवरचा थर सरकून या फांद्यांची तोंडे बुजू शकतात. २०११ मध्ये सॅम्प्रिस चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण पहिल्या तीस दिवसांत पक्षाघात किंवा मृत्यूचे प्रमाण स्टेंट बसवलेल्यांत १४.७ टक्के आणि केवळ औषधांवर असलेल्यांत ५.८ टक्के निघाले. औषधे म्हणजे तरी काय, तर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही गुठळी होऊ न देणारी जोडी, कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन, रक्तदाबावर कडक ताबा आणि जीवनशैलीत बदल. त्याआधी १९८५ मध्ये डोक्याच्या कातडीतली धमनी मेंदूच्या धमनीला जोडणाऱ्या बायपासचीही अशीच गत झाली होती. जोडलेल्या वाहिन्यांपैकी ९६ टक्के उघड्या राहिल्या, आणि पक्षाघात मात्र कमी झाले नाहीत. मोयामोया आजारात, जिथे मुख्य धमन्या हळूहळू आपोआप बंद होत जातात, बायपास आजही उपयोगी पडतो. पण तो आजारच निराळा.

तरुण वयात पक्षाघात झाला, तर मी मानेतल्या धमनीची भिंत आधी पाहतो. मानेला हिसका बसून किंवा कधी काही निमित्त नसतानाही भिंतीचा आतला थर फाटतो, त्यात रक्त शिरते आणि पोकळी निमुळती होते. मानेत एका बाजूला दुखणे, त्याच बाजूची पापणी किंचित खाली येणे आणि बाहुली लहान होणे ही त्याची खूण. यातल्या बहुतेक चिरा रक्त गोठू न देणाऱ्या औषधांवर काही महिन्यांत आपोआप भरून येतात.

भिंत फुगून फुगा झालेला असेल, म्हणजे ॲन्युरिझम, आणि तो फुटला असेल, तर डोक्यात वीज कोसळावी तशी क्षणात शिगेला पोहोचणारी डोकेदुखी होते आणि मग थांबून चालत नाही. वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये फुग्याच्या मानेवर चिमटा बसवला. १९९० च्या दशकात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी आतून भरणे शक्य झाले. न फुटलेले फुगे मात्र प्रौढांपैकी सुमारे ३ टक्के लोकांत असतात आणि त्यांतले बरेच दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या एमआरआयमध्ये योगायोगाने सापडतात. तीन-चार मिलिमीटरचा, गुळगुळीत काठांचा, मेंदूच्या पुढच्या भागाला रक्त देणाऱ्या धमन्यांवरचा फुगा असेल, आणि रुग्णाच्या जवळच्या नात्यात कोणाचा फुगा फुटलेला नसेल, तर मी रिपोर्टमध्ये त्याचे तीन दिशांचे माप, मानेची रुंदी आणि भिंतीवर उपफुगवटा आहे का, हे लिहितो आणि न्यूरोसर्जन बहुधा सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा स्कॅन करायला सांगतात. त्या काळात धूम्रपान बंद आणि रक्तदाब ताब्यात. पुढच्या स्कॅनमध्ये माप वाढले किंवा आकार वेडावाकडा झाला, तर उपचाराचा विचार नव्याने होतो. नाही वाढले, तर पुढच्या वेळचे अंतर आणखी लांबवतात.